न पाहिलेल्या भिंतींचं पान

घराच्या तपासणी-अहवालाचं पहिलं पान माणूस चौपन्न सेकंद वाचतो. दुसऱ्या पानाला अकरा सेकंद देतो आणि तिसऱ्यापासून पुढं फक्त फोटो बघतो. हे माझं मत नाही, मोजमाप आहे. हल्ली लोक वाचायच्या चष्म्यातच कागद उघडतात आणि नजर कुठल्या ओळीवर किती वेळ थांबली हे चष्मा त्यांच्या परवानगीनं आम्हाला कळवतो. परवानगी सगळेच देतात, कारण तिचा मजकूर दुसऱ्या पानावर असतो.

मी कल्याणी मगदूम. सांगलीत जुनी घरं तपासून देण्याचा आमचा व्यवसाय आहे. कोणी जुना बंगला किंवा रो-हाऊस घ्यायचं ठरवलं की आधी आम्ही जातो, घर ठाकठीक आहे की नाही ते बघतो आणि लिहून देतो. पूर्वी हे मी एकटी करायचे, हातात टॉर्च आणि हातोडी घेऊन. आता माझी मुलगी त्रिशला कंपनी चालवते, सहा तपासनीस आहेत, आणि हातोडीच्या जागी 'कानोसा' आला आहे.

कानोसा म्हणजे रुपयाएवढ्या बारा चकत्या आणि एक डबा. चकत्या जेल लावून भिंतीवर चिकटवायच्या. प्रत्येक चकती माणसाला ऐकू न येणारा आवाज भिंतीत सोडते आणि बाकीच्या अकरा तो ऐकतात. चांगल्या काँक्रीटमधून आवाज सेकंदाला चार किलोमीटर धावतो. वाटेत भेग लागली, पोकळी लागली, तर त्याला वळसा घालावा लागतो आणि पोचायला उशीर होतो. असे हजारो उशीर एकत्र केले की डब्याला भिंतीच्या आतलं चित्र दिसतं: सळई कुठं गंजली, गंजून कुठं फुगली, फुगून काँक्रीट कुठं फोडलं. चित्र हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत येतं. एखादी भिंत मोजता आली नाही, समोर अवजड कपाट असलं, तर शेजारच्या भिंतींवरून आणि त्याच वयाच्या दुसऱ्या घरांवरून डबा तिचा अंदाज बांधतो. अंदाजाच्या भागावर तो पूर्वी तिरक्या रेघा मारायचा.

त्या रेघा मी काढून टाकायला लावल्या. तो निर्णय त्रिशलाचा नव्हता, माझा होता, हे आधीच सांगून टाकते.

लोक त्या रेघांवर अडकायचे. "इथं काय झालंय?" म्हणून फोन यायचे. काही झालेलं नाही, मोजलेलं नाही, असं सांगितलं की "मग तुम्ही आलात कशाला?" असा प्रश्न ठरलेला. रेघा गेल्या सतराव्या पानावर. बाकीची पानं मागं नुसती जोडलेली राहिली आणि अहवाल सुटसुटीत झाला. एक पान, घराचं एक चित्र, तीन रंग, खाली दुरुस्तीच्या पाच ओळी. फोन बंद झाले. आम्ही त्याला 'एकपानी' म्हणू लागलो, आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांतले लोकही तोच मागू लागले.

ज्यांच्याकडं मी हे काम शिकले त्या आवटी सरांची पद्धत नेमकी उलटी होती. त्यांचा अहवाल साठ-साठ पानांचा, हातानं लिहिलेला. पहिल्या पानावर मथळा एकच असायचा: न पाहिलेलं. त्याखाली यादी आणि प्रत्येकापुढं कारण. 'माळा - किल्ली मिळाली नाही.' 'मागची मोरी - आत नाग होता.' 'उत्तरेची खोली - मालकांचे वडील झोपले होते.' मी तेव्हा नवी होते, हसायचे. सर म्हणायचे, "कल्याणी, जे बघितलं ते विसरलीस तरी भिंतीवर असतंच. जे बघितलं नाही ते तू लिहिलं नाहीस तर कुठंच नसतं." सर निवृत्त झाले आणि ते पानही निवृत्त झालं.

त्या मंगळवारी सकाळी त्रिशला खुशीत होती. शुक्रवारी एका बँकेची माणसं येणार होती. गृहकर्जाआधी आमचा एकपानी सक्तीचा करायचा, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी एकच माहिती मागवली होती: आजवर तपासलेल्या घरांत कुठल्या कोपऱ्यात किती बिघाड सापडतो. त्रिशलानं एक हजार नऊशे बारा घरं एकावर एक ठेवून एकच घर काढलं आणि पडद्यावर टाकलं.

नैर्ऋत्येला लाल. वायव्येला लाल-पिवळं. स्वयंपाकघर, न्हाणी, गच्चीची कड, सगळीकडं थोडंफार लाल. एकच कोपरा कोवळ्या गवतासारखा हिरवागार होता, ईशान्येचा.

"वास्तुशास्त्रवाले नाचतील बघ," त्रिशला म्हणाली. "देवाचा कोपरा, शंभरात दोन बिघाड."

मी हसले खरी, पण हातातला चहा तसाच खाली ठेवला. मला बसवेना. आमच्याकडं वास्तू बघून घर बांधणारा माणूस जसं देवघर ईशान्येला ठेवतो, तशी जमिनीखालची पाण्याची टाकीही ईशान्येलाच खणतो. भिंतीच्या आत देव, भिंतीच्या बाहेर पाणी. टाकी वीस वर्षांत कधी ना कधी झिरपतेच. मग साऱ्या घरात तोच कोपरा ठणठणीत कसा?

"त्रिशला, ह्यातले किती ईशान्य कोपरे मोजलेत?"

"म्हणजे?"

"चकत्या लावून. अंदाज नव्हे."

तिनं डब्याला विचारलं. डब्यानं लगेच सांगितलं: एकेचाळीस.

देवघरात शिरायचं नाही, हे आमच्या तपासनीस पोरांना मीच शिकवलं होतं. पहिल्या वर्षी कुपवाडच्या एका आजींनी देवाच्या भिंतीला जेल लावलं म्हणून मला उभं-आडवं घेतलं होतं. एका आजींचा राग मी दोन हजार घरांना लावला. देवघर आलं की पोरं बाहेरूनच हात जोडायची आणि 'वगळा'चं बटण दाबायची. मीही तेच करायचे.

आणि ती एकेचाळीस घरं कोणाची? ज्यांचं देवघर त्या कोपऱ्यात नव्हतंच त्यांची. म्हणजे ज्यांनी वास्तू पाहिली नव्हती त्यांची. म्हणजे ज्यांची टाकीही तिथं नव्हती त्यांची. कोरड्या कोपऱ्यांवरून डबा शिकला होता की हा कोपरा कोरडाच असतो, आणि उरलेल्या अठराशे एकाहत्तर घरांत त्यानं तो हिरवा रंगवला होता. डब्याची चूक नव्हती. दिव्याखालचा अंधार त्याला कोणी दाखवलाच नव्हता.

त्रिशला हुशार आहे. मी तोंड उघडायच्या आत तिला सगळं कळलं. तिनं पडद्यावरचं घर बंद केलं.

"शुक्रवार होऊ दे, आई. मग हळूहळू फेरतपासणी काढू. वर्षभरात सगळी घरं होतील."

"वर्षभरात एखादा कोपरा खाली आला म्हणजे?"

"आला तर सतराव्या पानावर लिहिलंय आपण. अंदाज म्हणून लिहिलंय."

"कोणी वाचतं ते?"

"नाही वाचत, हा आपला दोष आहे काय?"

तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मला राग आला. त्याहून मोठा राग स्वतःचा आला, कारण हे वाक्य तिनं माझ्याकडूनच उचललं होतं. मी कपाटातून कानोसाची पेटी काढली.

"कुठं निघालीस?"

"आवटी सरांकडं."

त्रिशलाचा चेहरा उतरला. सरांनी दोन वर्षांपूर्वी वारणालीत रो-हाऊस घेतलं होतं, शिंत्रे नावाच्या कुटुंबाकडून. तपासणीला मी स्वतः गेले होते. शिंत्र्यांचं देवघर ईशान्येला होतं, दारातून मी हात जोडले होते, आणि पहिल्या पानावर सगळं हिरवं देऊन आले होते. सरांनी ते पान बघून लगेच होकार कळवला होता. सर आता अठ्ठ्याहत्तरचे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, रोज सकाळी तास-तास त्याच भिंतीला पाठ लावून जप करत बसतात.

रिक्षात मला स्वस्थ बसवत नव्हतं. मी दर चौकात ड्रायव्हरला लवकर चल म्हणत होते, आणि तो बिचारा दर चौकात सिग्नल दाखवत होता. वाटेतल्या प्रत्येक घराचा ईशान्य कोपरा मी शोधत होते. सूर्य कुठं आहे बघायचं, मान वळवायची, कोपरा सापडायचा आणि तोवर घर मागं पडलेलं असायचं. त्यातली कितीतरी घरं आमच्या यादीतली होती.

सर ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. पेटी बघून म्हणाले, "काय गं, आज डबा घेऊन? माझी तपासणी करतीस काय?"

"सर, देवघराची भिंत मोजायची राहिलीय."

त्यांचे हात थांबले. "राहिलीय? पानावर तर हिरवी होती."

"मोजलेली नव्हती."

सरांनी शेंगांची परात बाजूला सारली आणि आत हाक मारली. काकू बाहेर आल्या. मी कसंबसं सांगितलं: भिंतीला जेल लावावं लागेल, देव हलवावे लागतील, तुम्हाला चालणार नाही हे माहीत आहे, पण.

"का चालणार नाही?" काकू म्हणाल्या.

"देवाची भिंत म्हणून..."

"अगं, रंगाला घर काढतो तेव्हा देव हलवतोच की. आंघोळ झालीय माझी, मीच काढते. तू मागं विचारलं असतंस तर शिंत्र्यांच्या आईनंही काढले असते. बाई साधी होती." त्यांनी पाटावर धूतवस्त्र अंथरलं, थोड्या अक्षता घातल्या, पार्श्वनाथांची पितळी मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. "क्षमा असावी, थोडा वेळ," असं मूर्तीला हळूच सांगून ती बाहेरच्या खोलीत नेली. मागोमाग पद्मावतीदेवीचा फोटो नेला. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

चार मिनिटांचं काम मी दोन वर्षं टाळलं होतं.

देव्हारा सरकवला आणि वास आला. ओल्या चुन्याचा तो जुना वास डब्याच्या आधी माझ्या नाकाला कळला. चकत्या लावताना घाईत जेल फरशीवर सांडलं. भिंतीच्या कोपऱ्यात वरच्या मजल्याचा भार घेणारा खांब होता. त्याच्या बाहेरच्या बाजूला, बरोबर पायापाशी, पाण्याची टाकी.

डब्यानं आकडा दाखवला. सेकंदाला चार किलोमीटर धावायला हवा होता तो आवाज पावणेदोनवर अडखळत होता. चित्र उमटत गेलं, जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत लाल. सळया फुगल्या होत्या, काँक्रीट आतल्या आत सुटलं होतं, वर नुसता रंगाचा गिलावा उभा होता. नेमकी काकू जिथं पाठ टेकायच्या तेवढीच जागा.

"सर, आत्ता बाहेर चला. दोघंही. वर कोणी आहे काय?"

"कोणी नाही." सर उठले, पण बाहेर जायच्या ऐवजी भिंतीजवळ आले. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून त्यांनी खांबावर तीनदा टकटक केलं. आवाज भांड्यासारखा आला.

"आठ महिने झाले," ते म्हणाले. "हिनं सांगितलं, देव्हाऱ्याचा खण अडकतोय. मी येऊन वाजवलं. बोट म्हणालं पोकळ आहे. मग तुझं पान काढून बघितलं. हिरवं. म्हटलं, वय झालं, बोटाला कळेनासं झालं. कल्याणीचं पान चुकायचं नाही."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ज्या माणसानं मला भिंत ऐकायला शिकवली, त्याचंच बोट मी त्याला खोटं ठरवायला लावलं होतं, आणि तेही न पाहिलेल्या भिंतीवरून.

मी हात धरून दोघांना ओसरीबाहेर काढलं. ओळखीच्या ठेकेदाराला फोन केला. दुपारी एकच्या आत लोखंडी टेकू लागले, टाकी उपसली, वरची खोली रिकामी केली. ठेकेदारानं गिलाव्यावर हातोडी ठेवली मात्र, परातभर काँक्रीट आपसूक खाली आलं. सळई बोटानं मोडत होती. "पावसाळा काढला नसता मॅडम," एवढंच तो बोलला. काकू मूर्ती पदराखाली घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या आणि मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते.

संध्याकाळी मी दोघांना आमच्या घरी आणलं. देव आमच्या देवघरात बसवले. आमचंही देवघर ईशान्येला आहे, आणि आमचंही मोजलेलं नाही, हे मूर्ती ठेवताना लक्षात आलं. मी ती परत उचलली आणि दिवाणखान्यात टेबलावर ठेवली.

त्रिशला सहा वाजता आली. येताना वारणालीला जाऊन आली होती. तिच्या चपलांना सिमेंट लागलं होतं. सरांच्या पाया पडली आणि समोर बसली. डोळे सुजलेले दिसत होते.

"मी बँकेला कळवलं," ती म्हणाली. "शुक्रवार रद्द. ते दुसरं कोणी बघतील."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो हवा होता की नाही कळलं नाही, पण तिनं झटकला नाही.

"आणि हे तयार केलंय. अठराशे एकाहत्तर घरांना जाईल. नवं पहिलं पान." तिनं चित्र उघडलं. प्रत्येक घराच्या ईशान्य कोपऱ्यावर तिरक्या रेघा परत आल्या होत्या, आधीपेक्षा जाड. वर सरांचाच मथळा: न पाहिलेलं. खाली एक ओळ: 'देवघराची भिंत मोजलेली नाही. फेरतपासणी होईपर्यंत भिंतीलगत बसू नये. भिंतीपलीकडची टाकी तपासून घ्यावी.' पुढं कारणाचा रकाना होता आणि तो भरलेला होता: मालकांची हरकत.

मी ते दोन शब्द परत वाचले.

"हे कुठून आलं?"

"यादीत चारच कारणं आहेत, आई. कुलूप, अडगळ, धोका, मालकांची हरकत. ह्यातलं एक निवडल्याशिवाय पान पुढं सरकत नाही." तिनं रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हे लिहिलं तर आपल्यावर काही येत नाही. वकिलांना विचारलं मी. बाकी सगळं खरं लिहिलंय की. लोकांना इशारा मिळतोय, मुद्दा तोच ना?"

तिचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. इशारा मिळत होता. माणसं वाचली असती आणि आम्हीही वाचलो असतो. सहा पोरांच्या नोकऱ्या, माझं तीस वर्षांचं नाव, सगळं त्या दोन शब्दांच्या आडोशाला सुखरूप बसलं असतं. 'खोटं' हा शब्द टाळून मी मनात म्हणत राहिले की कुपवाडच्या आजींनी हरकत घेतली होतीच की. एक तरी होतीच.

सर खिडकीपाशी बसून शेंगा खात होते. त्यांनी मान वर केली नाही. काकूंनी मात्र टेबलावरच्या मूर्तीपुढं निरांजन लावलं आणि हात जोडले. चार मिनिटं, मला आठवलं. क्षमा असावी, थोडा वेळ. बाई साधी होती.

"यादीत पाचवं कारण घालता येतं?" मी विचारलं.

त्रिशलानं रकाना पुसला आणि कळफलक माझ्याकडं सरकवला. "तूच लिही. माझा हात होत नाही."

मी लिहिलं. खाली माझं नाव घातलं, आमचं स्वतःचं घर यादीत पहिलं टाकलं आणि पान पाठवलं.

दोन मिनिटांत पहिल्या चष्म्यात पान उघडलं. मिरजेचं कुठलंसं घर होतं, नाव मला आठवेना. पडद्यावर त्या अनोळखी नजरेचा ठिपका हलू लागला. मथळ्यावर आला, घराच्या चित्रावर फिरला, रेघांवर थोडा घुटमळला, खाली इशाऱ्याच्या ओळीवर गेला आणि कारणाच्या रकान्यात येऊन थांबला.

कारण: आम्ही विचारलं नाही.

शेजारी सेकंद मोजले जात होते. चौपन्न झाले, साठ झाले. त्रिशला माझ्या खांद्याला खांदा लावून बघत होती. ऐंशी झाले तरी ठिपका तिथून हलला नव्हता.